कल्याणाची स्पर्धा आणि सीमाभागाची कोंडी

जानेवारी २०२४ मध्ये बेळगावच्या प्रशासनाने एक पराक्रम केला. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे अर्ज भरून घेण्यासाठी एकीकरण समितीच्या कार्यकर्त्यांनी जी केंद्रे चालविली होती, ती बंद पाडण्यात आली. तेथे दारू गाळली जात नव्हती, जुगाराचा अड्डा नव्हता, कोणाची माथी भडकविणारे भाषणही चालले नव्हते. गरीब कुटुंबातल्या एखाद्याच्या हृदयावर किंवा मूत्रपिंडावर उपचार करण्याची पाळी आली, तर पाच लाखांपर्यंतचा खर्च महाराष्ट्राने सोसावा, एवढ्यासाठी तेथे एक कागद भरला जात होता. रोगी सीमाभागातला, पैसा महाराष्ट्राचा. कर्नाटकाच्या तिजोरीतून त्यासाठी एक कवडीही जावयाची नव्हती. तरीही कुलूप! औषधाची बाटली हे प्रादेशिक आक्रमणाचे हत्यार आहे, हा शोध जगात प्रथम बेळगावात लागला, याचा आम्हांस विषाद वाटतो.

हा केवळ अपमानाचा प्रश्न असता तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. अपमान गिळण्याची सवय सीमावासीयांना १९५६ पासून लावण्यात आलेली आहे. परंतु या कुलपामागे एक भीती आहे आणि ती नीट ओळखली पाहिजे. एकाच दुकानाच्या गावात गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या मिजाशीवर जगावे लागते. शेजारी दुसरे दुकान उघडले की पहिल्याच्या तागडीतले वजन आपोआप सरळ होते. राज्यकारभाराचेही तसेच आहे. भीती आहे ती या दुसऱ्या दुकानाची.

सरकारी पैशाने चालणाऱ्या कल्याणकारी कामांत स्पर्धा असावी, तीतून नव्या कल्पना निघतात, असे अलीकडे मोठमोठे अर्थपंडित सांगतात. काही जण तर ते मंत्रासारखे जपतात. मंत्र खरा की खोटा हे पाहण्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. आमच्या भालकी-औरादच्या मराठी माणसाला जी वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची आहे, त्या वाटेने हैदराबादला गेले म्हणजे पुरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेले, आणि बीदरची मराठी खेडी कोणी न विचारता म्हैसूरच्या दावणीला बांधली गेली. राज्य मोडले, तरी अवघड दुखणे आले की बीदरकडचा माणूस आजही हैदराबादचीच गाडी धरतो. तेव्हा हैदराबादचे बरेवाईट हे आम्हांस परके नाही.

या शहरातून गेल्या वीस वर्षांत तीन गोष्टी निघाल्या आणि तिन्ही देशभर पसरल्या. पहिली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. १५ ऑगस्ट २००५ रोजी ती हैदराबादेत सुरू झाली. तिच्या संस्थापक उद्योगपतीने जानेवारी २००९ मध्ये आपल्या कंपनीच्या हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली. तरी गाडी थांबली नाही, कारण खर्चाचा मोठा भार तोवर सरकारने उचलला होता व व्यवस्था दुसऱ्या संस्थेकडे सोपविता आली. २०१४ मध्ये तोच क्रमांक महाराष्ट्रात आला.

दुसरी गोष्ट आरोग्यश्री. मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी १ एप्रिल २००७ पासून महबूबनगर, अनंतपूर व श्रीकाकुलम या तीन मागास जिल्ह्यांत ती आरंभिली, आणि वर्ष-दीड वर्षात ती सर्व आंध्रभर गेली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. पांढरे रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाने योजनेतील कोणत्याही रुग्णालयात जावे, सरकारी वा खासगी. शस्त्रक्रियेचा दर सरकारने आधीच ठरविलेला. बिल रोग्याकडे न जाता सरकारी न्यासाकडे जाणार. आणि दाराशी एक ‘आरोग्यमित्र’ बसलेला, जो अडाण्यालाही खिडकीपासून खाटेपर्यंत नेऊन पोचवील. दर ठरलेला असल्यामुळे रुग्णालयांनी झगडावयाचे ते किमतीवर नव्हे, तर रोग्याला आपल्याकडे आणण्यावर. जो गरीब माणूस कालपर्यंत मोठ्या रुग्णालयाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला भीत होता, त्याच्या मागे आता रुग्णालये धावू लागली. हे लहान परिवर्तन नव्हते. त्याला हिणविणाऱ्यांनी एकदा तरी फाटकाबाहेर उभे राहून पाहावे.

महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी आरोग्य योजना होती, पण मोजक्या मोठ्या दुखण्यांपुरती. हैदराबादचे पाहून २०१२ च्या जुलैत ती राजीव गांधींच्या नावाने नव्याने उभारली गेली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड आणि सोलापूर हे सीमेवरचे दोन जिल्हे होते. आरोग्यमित्र हे नावसुद्धा येथे जसेच्या तसे आले. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि २०१८ च्या सप्टेंबरात दिल्लीने आयुष्मान भारत काढली. एका राज्याने वाट पाडावी, दुसऱ्याने ती रुंद करावी, तिसऱ्याने तिच्यावर आपली पाटी लावावी, असाच हा प्रवास आहे, आणि पाटीवरून भांडण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. वाट पाडणाऱ्यांत महाराष्ट्रही कधी काळी पुढे होता. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात रोजगार हमीचा जो प्रयोग केला, त्याचा १९७७ मध्ये राज्याने कायदा केला, आणि २००५ साली दिल्लीने तोच विचार साऱ्या देशाला लावला. तासगाव हैदराबादला शिकवीत होते, तो काळ फार जुना नाही.

पण हैदराबादच्या कथेचा उत्तरार्ध अर्थपंडितांच्या पोथीत सहसा सापडत नाही. रोग्यामागे धावणारे रुग्णालय त्याच्या रोगामागे धावते की त्याच्यामागून येणाऱ्या पैशामागे, हा प्रश्न लौकरच उभा राहिला. योजनेतील रुग्णालयांनी खेडोपाडी आरोग्यशिबिरे घ्यावीत असा दंडक होता. हेतू चांगला, परंतु ती शिबिरे म्हणजे गिऱ्हाईक गोळा करण्याचे जाळे होऊ शकते हे कळावयास फार बुद्धी लागत नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा तर असा बोभाटा झाला की, अखेर सरकारला त्या खासगी रुग्णालयांकडून काढून सरकारी रुग्णालयांकडे ठेवाव्या लागल्या. ज्या बायांचे गर्भाशय विनाकारण गेले, त्यांना कोणत्या स्पर्धेने ते परत दिले? दुसरीकडे, साधा ताप, खोकला, गरोदर बाईची तपासणी, विंचूदंश, यांसाठी ज्या प्राथमिक केंद्रात जावयाचे, त्याच्या वाट्याला या थाटामाटातले काय आले? मुसी नदीकाठच्या उस्मानिया रुग्णालयाची ती भव्य जुनी इमारत जुलै २०२० च्या पावसात वॉर्डांत पाणी शिरल्यामुळे रिकामी करावी लागली. ज्या शहरात सरकारी पैशावर खासगी रुग्णालयांचे मजले चढले, त्याच शहरात गोरगरिबांचे सर्वांत जुने रुग्णालय असे ओले होऊन पडले. नव्या इमारतीचा पाया घालावयास २०२५ उजाडले!

आणि सरकारने बिले थकविली की स्पर्धेचा सारा डोलारा एका दिवसात कोसळतो, हेही हैदराबादनेच दाखविले. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये थकबाकीसाठी खासगी रुग्णालयांनी आरोग्यश्रीचे रोगी घेणे थांबविले. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगण सरकारने योजनेची मर्यादा दहा लाख केली होती. पण दाराशी बसलेल्या रोग्याला मर्यादेच्या आकड्याचे काय करावयाचे? आत घेतात की नाही, एवढेच त्याला कळते.

म्हणून आमचे मत असे : स्पर्धा ही चाकराप्रमाणे राबविली तर उपयोगी, धनी होऊन बसली तर घातक. सरकारचे स्वतःचे रुग्णालय धडधाकट असेल, पैसा वेळेवर जात असेल आणि हिशेब तपासणारा डोळा उघडा असेल, तरच खासगी रुग्णालयाची चढाओढ रोग्याच्या कामी येते. ज्या स्पर्धेत सरकारी दवाखाना मेलेल्या घोड्यासारखा उतरविलेला असतो, ती स्पर्धाच नव्हे.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या खात्यात थेट रक्कम टाकण्याची. मे २०१८ मध्ये तेलंगणाने रयतुबंधू योजना काढून एकरी चार हजार रुपये प्रत्येक हंगामाला दिले. तिच्यात दोष होता, आणि तो लहान नव्हता. रक्कम एकरावर, म्हणून ज्याची जमीन मोठी त्याचा धनादेश मोठा; आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाच्या हाती धुपाटणे. तरीही त्या रकमेची आणि सोबतच्या पाच लाखांच्या शेतकरी विम्याची वार्ता गोदावरी ओलांडून नांदेड जिल्ह्यात आली, आणि धर्माबाद तालुक्यातल्या अनेक गावांच्या सरपंचांनी जाहीर मागणी केली की, आम्हांला तेलंगणात घाला.

मुंबईच्या मंत्रालयात ती बातमी वाचून कोणाला घाम फुटला होता काय? आम्हांला मात्र फुटला. सीमाभागातली माणसे साठ-साठ वर्षे लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन ज्या महाराष्ट्रात यावयास धडपडत आहेत, त्या महाराष्ट्रातली मराठी गावे दुसऱ्या राज्यात जाऊ म्हणतात! त्या सरपंचांना देशद्रोही, महाराष्ट्रद्रोही म्हणणारे वीर तेव्हा पुष्कळ निघाले. आम्ही त्यांत नाही. रस्ता नाही, पाणी नाही, तालुक्याच्या कचेरीत कोणी विचारीत नाही, अशा माणसाने नदीपलीकडच्या नातेवाइकाचे पासबुक पाहिले तर त्याच्या तोंडून दुसरे काय निघणार? पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीने कुटुंबाला वर्षाला सहा हजार देण्याची योजना आणली, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ‘नमो’ नावाने आणखी सहा हजारांची भर घातली. या रकमांच्या मागे हैदराबादचा धनादेश उभा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

असेच जतला झाले. सांगली जिल्ह्याच्या त्या कोरड्या तालुक्यातील चाळीस गावांवर नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी हक्क सांगितला आणि पाण्याची लालूच दाखविली. लगेच विस्तारित म्हैसाळ योजनेच्या सुमारे दोन हजार कोटींच्या कामाला मुंबईत पाय फुटले. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली फाईल दुसऱ्या राज्याच्या एका वाक्याने उठून उभी राहिली! जतच्या शेतकऱ्याने कोणाचे आभार मानावेत हे आम्ही त्याच्यावरच सोपवितो.

येथे कोणी म्हणेल, मग दोन्ही राज्यांना सीमेवर झुंजू द्या, जनतेचे भलेच होईल. असे म्हणणाऱ्याने चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याच्या डोंगरावर जाऊन यावे. तेथील चौदा गावांवर महाराष्ट्राचाही दावा आहे आणि हैदराबादचाही. माणसे बहुतेक मराठी बोलणारी, त्यांतली कित्येक मराठवाड्यातून पोटासाठी तेथे गेलेली. त्यांच्याकडे दोन राज्यांची रेशनकार्डे आहेत, दोन राज्यांच्या मतदार याद्यांत नावे आहेत. गावात मराठी शाळा आहे आणि तेलुगूही आहे. एका गावाला दोन सरपंच. वरवर पाहता हा कल्याणाच्या स्पर्धेचा स्वर्ग. परंतु कसत असलेल्या जमिनीचा पट्टा मागा, मग स्वर्गाचा पडदा फाटतो. पिढी उलटली तरी कित्येकांच्या हाती ना इकडचा सातबारा, ना तिकडचा कागद. जे वाटता येते आणि ज्यातून मत मिळते, ते दोघेही वाटतात. जे एकदा दिले की कायमचे त्या माणसाचे होते, तो हक्क देण्यास दोघांचाही हात आखडतो. साड्या, तांदूळ, पेन्शन यांची चढाओढ लागते. हक्काची लागत नाही. जिवतीच्या डोंगरावरून सीमालढ्याच्या कार्यकर्त्याने एवढे तरी घेऊन यावे.

आता पुन्हा बेळगावकडे वळू. कर्नाटकाचे म्हणणे असे की, एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या हद्दीत आपली योजना चालविणे संघराज्याच्या चौकटीत बसत नाही. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत परस्परांवर दावे न सांगण्याविषयी बजावले होते. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ गावांच्या आरोग्य विम्यासाठी चौपन्न कोटींची तरतूद केली, तेव्हाही हाच टाहो फोडण्यात आला. हा युक्तिवाद क्षणभर खरा धरू. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातील कन्नड शाळांना अनुदान देण्याची घोषणा कोणी केली? याच मुख्यमंत्र्यांनी ना? जत-अक्कलकोटच्या कन्नड मुलाच्या पाटीवर बंगळूरचा पैसा आला तर ते भाषाप्रेम, आणि खानापूरच्या मराठी म्हातारीच्या औषधावर मुंबईचा पैसा आला तर ते आक्रमण! कन्नड शाळेला पैसा मिळाला म्हणून आमच्या पोटात दुखत नाही. खुशाल द्यावा. आम्ही तराजू एक असावा म्हणतो, एवढेच.

रुग्णाची खाट म्हणजे भूभागावरचा दावा नव्हे. युरोपात स्वतंत्र राष्ट्रे आहेत, आपापली सैन्ये असलेली, परस्परांशी दोन महायुद्धे लढलेली. तेथे २०११ च्या एका निर्देशानुसार एका देशाचा विमाधारक दुसऱ्या देशात उपचार घेऊन मायदेशी लागला असता तेवढा खर्च आपल्या देशाकडून परत मागू शकतो. फ्रान्स आणि जर्मनी यांना जे जमते, ते बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यामध्ये घटनाबाह्य कसे होते, हे बंगळूरच्या विधिज्ञांनी आम्हांस समजावून द्यावे.

कर्नाटकालाही स्पर्धेची दुसरी वाट मोकळी होती. महाराष्ट्र पाच लाख देतो काय? मग आम्ही आमच्या योजनेचे अर्ज मराठीत छापतो, बेळगावच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मराठी बोलणारा माणूस बसवितो, आणि मराठी रोग्याने कोल्हापूरला जाण्याचे कारणच ठेवीत नाही, असे त्या सरकारने म्हटले असते, तर आम्ही त्याचे जाहीर स्वागत केले असते. भाषेचा आमचा हक्क त्याने संपला नसता, पण रोगी तर बरा झाला असता. ज्याला अर्जाची भाषाच कळत नाही, त्याला निवड कसली? कन्नड अर्जावर अंगठा उठविणाऱ्या मराठी बाईपुढे दहा योजना मांडल्या तरी त्या तिला एकसारख्याच परक्या. कर्नाटकाने ही वाट घेतली नाही. कुलूप स्वस्त पडते.

परंतु केवळ कर्नाटकाला शिव्या घालून आमचे काम संपत नाही. मुंबईलाही चार गोष्टी ऐकवावयाच्या आहेत. अधिवेशनात ८६५ गावे म्हणून टाळ्या घ्यावयाच्या, आणि अर्जाची केंद्रे बंद पडली की निषेधाचे पत्रक काढून स्वस्थ बसावयाचे, हा शिरस्ता आता पुरे झाला. २००४ साली दाखल झालेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. रोगाला न्यायालयाच्या तारखा कळत नाहीत.

या योजनेत कर्नाटकाचे रेशनकार्ड आणि गावाच्या पत्त्याचा कोणताही एक सरकारी कागद पुरेसा मानला जावा. कोल्हापूर, मिरज, सोलापूर, लातूर येथील योजनेतल्या रुग्णालयांत सीमाभागाच्या रोग्यासाठी स्वतंत्र आरोग्यमित्र नेमावा. निपाणीहून कोल्हापूरला पोचलेल्या माणसाला ‘तुम्ही कर्नाटकाचे’ म्हणून खिडकीवरून परत पाठविले जाणार असेल, तर टाळे ठोकणाऱ्यात आणि परत पाठविणाऱ्यात आम्हांस फरक दिसत नाही. रुग्णालयांची बिले थकवू नयेत. थकल्यावर काय होते ते हैदराबादने दाखविलेलेच आहे. आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याणच्या रोग्याला कोल्हापूरची यादी दाखवून थट्टा करू नये. त्याची वाट हैदराबादची आहे. तेथील चांगल्या रुग्णालयांशी महाराष्ट्राने करार करावा, आणि त्यात निजाम आयुर्विज्ञान संस्थेसारख्या सरकारी संस्थेला अग्रक्रम द्यावा, म्हणजे उपचाराच्या नावाखाली लुबाडणूक होण्याचा धोकाही कमी.

राहिला प्रश्न अर्ज कोठे भरावयाचे हा. बेळगावात केंद्र चालू देत नाहीत, तर शिनोळी आहे. ती चंदगड तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे, आणि बेळगावचा माणूस तासाभरात तेथे पोचतो. निपाणीकरांसाठी कागल आहे, भालकीकरांसाठी उदगीर. या तिन्ही ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस शासनाने आपला अधिकारी आणि शिक्का पाठवावा. मांडव, टेबले आणि अर्ज लिहून देणारी मुले आमची माणसे आणतील. शासनाने तारीख कळवावी.